सात हिरव्या पाट्या

— अहो, खाली नका ठेवू ती, पत्र्याचा कीस पडलाय सगळीकडे, ओरखडे येतील. माझ्या हातात द्या. भोक फाटलंय म्हणता ना, स्क्रूचं? फाटणारच. गाडी हादरते, स्क्रू सैल होतो, आणि एकदा सैल झाला की पत्रा स्वतःलाच कुरतडत बसतो. नवीनच लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे, बसा. — त्या खुर्चीत नको. ते स्टूल घ्या. एक पाय आखूड आहे त्याचा, भिंतीला टेकवा म्हणजे डुगडुगणार नाही. गाडी नावावर झाल्याचा कागद आणलात? ठेवा तिथे डब्याखाली, पंख्याने उडेल. सेकंडहँड घेतलीत वाटतं. चांगलं केलंत. नव्याची नवलाई नऊ दिवस, चाललेली गाडी कशी शहाणी झालेली असते. आणि हिरवी पाटी म्हणजे काय, चंगळ आहे तुमची. उभी करायला राखीव जागा, बाजारात इतरांना बंदी तिथे तुम्हाला रान मोकळं, आणि — बघू नंबर — दोन, शून्य, तीन, आठ —

हा नंबर —

काही नाही. उजेडात धरते जरा. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत आता. कोणाकडून घेतलीत म्हणालात गाडी? सिस्टरकडून? त्या घरोघर जायच्या त्या सिस्टर? ओळखते की. चांगलं ओळखते. माझी आई चार महिने अंथरुणाला खिळून होती, पाठीला जखमा झालेल्या, मला बघवायचं नाही — आणि ही बाई रोज सकाळी यायची आणि काहीतरी गुणगुणत त्या धुवायची. शेवटी शेवटी आईला माझं नाव आठवायचं नाही, सिस्टरचं आठवायचं. अशी बाई. मग गाडी का विकली त्यांनी? — पायी जातात? सगळीकडे? या वयात, ते गुडघे घेऊन? — बरं. मला काय करायचंय. आपण पाटीचं बघू. मागून बघते फक्त एकदा.

हं. आहे.

काही नाही हो! असे बघू नका माझ्याकडे. हात चालू असले की तोंड चालू असतं माझं, आणि तोंड थांबलं की लोकांना वाटतं बाईला चक्कर आली. पत्रा काढते तुमचा. हा बघा, असा हिरवा येतो आता, कोवळा. पहिल्या वर्षी आला होता तो गडद होता, बाटलीसारखा. तुम्ही इथले नाही ना? मग तुम्हाला कुठून माहीत असणार — या शहरातली पहिली हिरवी पाटी याच प्रेसवर दाबलीय मी. समोर नोंदणी ऑफिस, तिथे नोटीस लागली: ज्या गाड्या धूर सोडत नाहीत त्यांना यापुढे वेगळ्या रंगाची पाटी. का, तर लोकांना दिसावं. रस्त्यात दिसलं की माणूस विचारेल, विचारलं की त्यालाही घ्यावीशी वाटेल — एकाचं बघून दुसरा, तसं. कल्पना वाईट नव्हती. पण सुरुवातीला थट्टाच फार. पोस्टमन आला सायकल घेऊन, म्हणाला, माझीही धूर सोडत नाही, लावा हिरवी. एक डिझेल ट्रकवाला तर रंगाचा डबा घेऊनच आला, म्हणाला, बाई, ट्रक तसाच राहू द्या, पाटी तेवढी हिरवी करा, पुढचं मी बघतो! हाकलला त्याला. पहिल्या वर्षात सात झाल्या. फक्त सात. सातही नंबर पाठ होते मला, पाढे असतात तसे. अजूनही आहेत.

तीन हजार आठशे — नाही, तुमचा दोन शून्य तीन आठ. ठसे लावते. हे बघा, एकेक ठसा असा खोबणीत बसवायचा, वर पत्रा, आणि मग दांडा ओढायचा. खट्. एवढाच आवाज. लोकांना वाटतं, केवढा मोठा आवाज होत असेल, प्रेस म्हणजे. नाही. शेजारी माणूस झोपू शकतो. या खुर्चीत एक जण झोपायचेच की रोज दुपारी.

कोण म्हणजे — पेंटर. सगळे पेंटरच म्हणायचे त्यांना, मी काका म्हणायचे. नात्यातले नाहीत. माझ्या वडिलांनी प्रेस घेतली त्याच्या आधी या शहरातल्या सगळ्या पाट्या पेंटरकाका हाताने रंगवायचे. ब्रश, पट्टी, आणि श्वास धरून एक रेघ. प्रेस आली आणि त्यांचं काम बसलं. दुसरा असता तर आमच्या दारात थुंकलासुद्धा नसता. हे कसे — दुसऱ्या दिवशी आले, प्रेसकडे बघत बसले, आणि वडिलांना म्हणाले, तुझा आठ बसकट आहे. आठ हा उभा राहिला पाहिजे, कंबर बारीक, मान ताठ. हा तर जेवून आडवा झालाय. आणि ठसे बनवणाऱ्याकडे स्वतः जाऊन आठ बदलून आणला! हा तोच. बघा, कसा उभा आहे. मला अंक त्यांनीच शिकवले, वडील गेल्यावर दुकान मी घेतलं तेव्हा रोज येऊन बसायचे, चारचौघांना कळावं की पोरीच्या मागे कोणीतरी आहे. मी तेव्हा पस्तिशीची, पण त्यांना पोरच. मग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. एकदम नाही, कडेकडेने गेले — म्हणाले, चित्राच्या चौकटीला वाळवी लागावी तसं. शेवटी मधोमध एक ठिपका उरला, मग तोही नाही. तरी यायचे. रस्त्याच्या पलीकडे, त्या गोदामाच्या मागे खोली होती त्यांची. सकाळी मी आणायचे हाताला धरून, संध्याकाळी सहाला सोडायचे. वीस पावलं. रस्ता केवढा आहे बघताय ना तुम्ही? केवढासा. पण ते वळण वाईट आहे. ऑफिसची भिंत आडवी येते, गाडी दिसते तेव्हा अंगावर आलेली असते.

पण कान! कानाला तोड नव्हती त्यांच्या. इथे बसून सांगायचे — ही दूधवाल्याची, हिचा सायलेन्सर गेलाय. ही टॅक्सी, दुसऱ्या गिअरमध्येच दामटतोय गाढव. ही नवीन आहे, अजून लाजतेय. कधी चुकायचे नाहीत. मला म्हणायचे, तू मला नेतेस हे तुझ्या समाधानासाठी, मी ऐकून बरोबर जाईन. आणि खरंच गेले असते. — आणि मग एक दिवस सातातली पहिली गाडी त्या वळणावरून आली आणि दारापुढून गेली. मी म्हटलं, काका, ही कोणती सांगा. ते म्हणाले, कोणती? मी म्हटलं, आत्ता गेली ती. ते म्हणाले, काहीच गेलं नाही. मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांचा चेहरा — मी तो चेहरा — जाऊ दे. बोटं खुर्चीच्या हातावर अशी घट्ट धरलेली. म्हणाले, किती जवळून गेली? मी म्हटलं, दारातून. म्हणाले, बापरे.

त्यानंतर तोच विषय. रोज. रंग कोणासाठी, म्हणायचे. ज्याला दिसतं त्याच्यासाठी. त्याला तर गाडीच दिसते की, रंग कशाला हवा? ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी काय केलंत? रंगाऐवजी आवाज द्या म्हणावं. एक घंटी, एक गुणगुण, काहीही. माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला त्यांनी, समोर ऑफिसात दिला, त्यावर उत्तर आलं की आपली सूचना विचारार्थ पुढे पाठवली आहे. ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. म्हणाले, पुढे म्हणजे कुठे? आणि मग स्वतःच हसले, म्हणाले, मलाही एक हिरवी लाव पाठीवर, सिगारेट सोडल्यापासून मीही धूर सोडत नाही. — हसलात ना? सगळे हसायचे. आता तर गाड्यांना आवाज बसवतात म्हणे, हळू चालवली की गुणगुणते. नवीन येतात त्यांना. तुमच्या या गाडीला नाही. ही जुनी. ही मुकीच.

हा रोलर बघा आता, पांढरा रंग फक्त उठावावर बसतो, खोलगटात जात नाही. हळू फिरवावा लागतो. — काय विचारलंत? ही घडी? कुठली घडी? — दिसली होय तुम्हाला. डोळे तरुण आहेत. पुढून नाही दिसत, मागून दिसते, नाही का, आठच्या कंबरेतून तिरकी गेलीय. केसाएवढी. मीच सरळ केली होती ती, म्हणून पुढून दिसत नाही. लाकडी हातोडी, खाली जाड कापड, आणि मागून टकटक टकटक. असं काम दुसरं कोणी करून दाखवावं. — गेटला घासली होती. हो, सिस्टर तसंच म्हणाल्या. तुम्हालाही तसंच सांगितलं? — सांगितलं नाही काही? मग?

काय म्हणाल्या मग?

परत सांगा. त्यांच्याच शब्दांत सांगा. — 'पाटी बदलायची तर त्याच बाईंकडे बदला, दुसरीकडे नको, आणि जुनी त्यांच्या हातात द्या.' त्यांच्या हातात. असं म्हणाल्या. भोक फाटलेलं त्यांनीच दाखवलं तुम्हाला? — तुम्हाला दिसलंही नव्हतं. हं.

एक मिनिट. पाणी पिते.

तीन वर्षं झाली त्या गोष्टीला. तीन वर्षं आणि दोन महिने. आता अर्धवट ऐकून गेलात तर काहीतरी भलतंच धराल मनात, म्हणून सांगते, नाही तर मी कोणाला — पेंटरकाका गेले ते त्याच वळणावर. संध्याकाळी सहा वाजता. उजेड होता अजून. टॅक्सीवाल्यांच्या बावीस पाट्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायच्या होत्या मला, मान वर करायला फुरसत नव्हती, आणि दुपारपासून त्यांचं चालू होतं, आवाज हवा, आवाज हवा. मी चिडले. चिडतो ना माणूस? दिवसभर तेच तेच ऐकून? म्हटलं, काका, तुम्हाला दिसत नाही म्हणून काय सगळ्या जगाने ओरडत हिंडायचं का? — असं बोलले. या तोंडाने.  त्यांनी काठी चाचपली, उठले, आणि न सांगता उतरले पायरीवरून. मी बघितलंच नाही. पोलिसांनाही मी हेच सांगितलं, न सांगता उतरले, मला कळलंच नाही. तसं लिहून घेतलं त्यांनी. सही आहे माझी त्याच्यावर.

आवाज आला तो गाडीचा नव्हे. धप्प. समोर गोदामात पोती टाकतात ना, तसा. मला वाटलं पोतंच टाकलं कोणीतरी. दोन पाट्या दाबल्या मी त्यानंतर. दोन. मोजून. खट्, आणि मग खट्. नंबर सांगू त्या दोन पाट्यांचे? नको, नाही सांगत. त्या टॅक्सी अजून फिरतात शहरात, समोर आल्या की मी फुटपाथ बदलते. — मग वरून शिंपीण ओरडली. गोदामाच्या वर राहते ती, खिडकीत मशीन आहे तिचं. मी धावले. काठी एका बाजूला, ते एका बाजूला, डोकं फुटपाथच्या कडेवर. टोपी डोक्यावरच होती हो. इतकी नीट होती की मला वाटलं, उठतील. तिसऱ्या दिवशी गेले. मधे एकदाही डोळे — डोळे काय, शुद्धीवर आले नाहीत म्हणायचं.

शिंपिणीने पाहिलं होतं. काय पाहिलं? गाडी जाताना पाहिली. कोपऱ्यावर क्षणभर थांबली, मागचे लाल दिवे लागले, दार थोडं उघडलं — आणि मग मिटलं आणि गाडी गेली. नंबर? नंबर नाही वाचता आला तिला. रंग दिसला. हिरवी पाटी होती म्हणाली. सरकारने म्हटलंच होतं ना, लोकांना दिसावं म्हणून रंग. दिसला. आणि अंक कोणी बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर केलं होतं मी, तर खालून सिस्टरचे पाय दिसले. पांढऱ्या चपला. वाकून आत आल्या. पुढची पाटी काढून पिशवीत घालून आणलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून. टेबलावर ठेवली. म्हणाल्या, गेटला लागली, सरळ करून द्याल का. मी कागद उलगडला. आणि ती घडी — गेटला लागली तर पाटी अशी दुमडते, कोपऱ्यातून, रुंद. ही बारीक होती. काठीएवढी. काकांनी काठी पुढे धरली असणार हो, नेहमीसारखी, आणि ती मधोमध — आठच्या कंबरेवर. त्यांच्याच आठच्या. मी पाटीकडे बघत होते, सिस्टर या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. कोणी कोणाकडे बघितलं नाही. मी हातोडी घेतली. टकटक टकटक. दहा मिनिटं लागली असतील. त्या उभ्याच. हात असे पुढे बांधलेले — त्या हातांनी आईची पाठ धुतली होती. दुपारी पोलीस आले, म्हणाले, हिरव्या पाट्या कोणाकोणाला दिल्यात? मी साती नंबर धडाधडा सांगितले. एकही लपवला नाही! त्यांनी साती गाड्या बघितल्या. ओरखडा नाही, पाटी वाकलेली नाही. मिटलं. शिंपिणीला म्हणाले, ऊन तिरकं होतं, तुम्हाला रंग भासला असेल. ती आजही मला विचारते, तुम्हाला काय वाटतं हो, मला खरंच भास झाला का? मी म्हणते, होतं असं कधीकधी.

नंतर कळलं, त्या संध्याकाळी सिस्टर नदीपलीकडच्या वस्तीत बाळंतपणाला चालल्या होत्या. नाळ मानेभोवती होती बाळाच्या. वाचलं ते. पाच मिनिटं उशीर झाला असता तर नसतं वाचलं, असं सगळे सांगतात. म्हणून दार उघडून परत मिटलं असेल का? असेल. किंवा भ्यायल्या असतील नुसत्या. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. रस्त्यात दिसलो की मान हलवायची. तीन वर्षं, नुसती मान.

हो, तुमचं बरोबर आहे. लोक म्हणतील, बाईने उपकार फेडले. आईचं केलं तिने, हिने तिचं झाकलं. मी स्वतःलाही हेच सांगत आले. रात्री झोप हवी ना माणसाला, काहीतरी सांगावंच लागतं स्वतःला. — पण संध्याकाळचं काय? सहा वाजले की मला काठी ऐकू येते. खरंच येते. आधी फरशीवर, मग पायरीवर, मग थांबते. उंबऱ्यात येऊन थांबते आणि पुढे जातच नाही. वाट बघत असल्यासारखी. मी हातातलं काम टाकून दारात जाते, डावीकडे बघते, उजवीकडे बघते, दोनदोनदा, आणि मोठ्याने म्हणते, थांबा. मोकळ्या दाराला. शेजारचा चहावाला आता बघतही नाही, त्याला सवय झाली. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मी म्हटलं, तेच तर.

झाली तुमची पाटी. वाळू दे जरा. हात लावू नका. वाळली की बाहेर जाऊन लावून देते, चार स्क्रू, नवीन वॉशर घालते म्हणजे परत भोक खाणार नाही.

आता जुनीचं. नियम असा आहे, की जुनी पाटी गिऱ्हाइकासमोर मधून कापायची, दोन तुकडे, आणि या वहीत गिऱ्हाइकाने सही करायची, माझ्यादेखत कापली म्हणून. दोन तुकडे भंगारात. रोजच करते मी. ही कात्री. पत्रा लोण्यासारखा कापते. मधून म्हणजे बरोबर घडीवरूनच जाईल की. मग राहिलं काय? काही नाही राहिलं. सिस्टरला तेच हवंय का हो? म्हणून पाठवलं तुम्हाला? की मी कापते का, ते बघायचंय? तुम्ही बोललात ना त्यांच्याशी, चेहरा कसा होता? — दमलेला. नुसता दमलेला.

धरा जरा ही बाजू. — नको, सोडा. सोडा, सोडा! कात्री खाली ठेवते मी, तुमचं बोट जाईल.

न सांगता उतरले नाहीत ते.

मघाशी म्हटलं ना मी — खोटं आहे ते. ते उंबऱ्यात उभे राहिले. मी तोडून बोलले होते तरी उभे राहिले. रुसले नव्हते, आवाजही नेहमीसारखाच होता. म्हणाले, बघ गं, रस्ता मोकळा आहे का. एवढंच. बघ, म्हणाले. ऐक नाही म्हणाले, बघ म्हणाले. आणि मी मान वर केली नाही. ठसा हातात होता, तो वाकडा बसेल म्हणून. मी कान दिला. नुसता कान दिला — काही वाजत नव्हतं बाहेर, काहीसुद्धा नाही, आणि मी म्हटलं, मोकळा आहे, जा.

मोकळा आहे, जा.

माझ्यावर विश्वास ठेवून उतरले हो ते. दोन डोळे आहेत मला. आणि मी त्यांच्याच कानाने ऐकलं.

कोणालाच सांगितलं नाही. तुम्हीच पहिले. नवरा नाही, मूल नाही, सांगणार कोणाला? शिंपिणीला? पोलिसांना? पाटी दाखवली असती तर सिस्टर सापडल्या असत्या. आणि त्या सापडल्या असत्या तर विचारलं असतं सगळ्यांनी, आंधळा माणूस एकटा कसा उतरला, त्याला कोणी सोडलं? म्हणून हातोडी घेतली मी. आईसाठी नाही. उपकार-बिपकार काही नाही. माझ्यासाठी. आणि ती बाई — तिला वाटतंय सगळं तिचंच. पूर्णच्या पूर्ण तिचं. गाडी विकली, पायी हिंडते, गुडघे झिजवते. तीन वर्षं ओझं वाहतेय, आणि त्यातलं अर्धं दुसऱ्याचं आहे हे तिला कोणी सांगितलंच नाही. मी सांगायला हवं होतं. मान हलवत राहिले.

नाही, सही नका करू. वही इकडे द्या. कापली नाहीये मी, मग सही कशाची? माझ्या एका खोट्या सहीने पुरे झालं. तुम्ही यात कुठेच नाही, तुमचा कागद स्वच्छ आहे, पाटी नवी आहे. कोणी विचारलंच तर सांगा, जुनी त्या बाईने ठेवून घेतली. चला, लावून देते, वाळली ती. — वर धरा. अजून वर. हां. एक. दोन. तीन. हा चौथा घट्ट बसला. हलवून बघा. हलते? नाही ना.

ही जुनी मी वर्तमानपत्रात गुंडाळते. आधी तिच्याकडे जाणार आहे, दवाखान्यामागच्या चाळीत ना अजून? दुसरा मजला? तिला सांगते आधी माझं. मग ती म्हणेल तर दोघी जाऊ पोलीस ठाण्यात, नाही म्हणाली तर मी एकटी जाते आणि माझ्यापुरतं सांगते, तिचं नाव तिने सांगावं. जबाब बदलता येतो का हो तीन वर्षांनी? — येत असेल. न येऊन सांगतो कोणाला.

नको, तुम्ही कशाला सोडता? चालत जाईन मी. नाही म्हटलं ना. बसायचं नाही मला या गाडीत. तुमचा काही दोष नाही, गाडीचाही नाही. निघा तुम्ही. डब्याखालचा कागद घ्या तुमचा. पैसे राहू द्या. राहू द्या म्हटलं ना! सरका दारातून, शटर ओढायचंय मला.